पहिली चाल बांधताना आणि ती लोकांसमोर गाताना

गाणे शिकायला लागून चार-पाच वर्षे झाली की बहुतेक विद्यार्थ्यांना आपणही एखादी चाल बांधून पाहावी असे वाटू लागते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण दिल्यानंतर मलाही ते वाटले. फाल्गुनात मी पहिली चाल बांधायला घेतली आणि आषाढातल्या गुरुपौर्णिमेला, नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या वर्गाच्या कार्यक्रमात, ती गायले. या चार-पाच महिन्यांत जे हाती लागले ते माझ्यासारख्याच नवख्या विद्यार्थ्याला उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे. आठ-दहा रागांची ओळख, केरवा, दादरा आणि त्रिताल हातावर धरता येणे आणि पेटीवर आपली चाल शोधता येण्याइतकी सवय, एवढी तयारी पुरेशी आहे असे मी धरून चालते.

सुरुवात शब्दांपासून करावी. आधी स्वर गुणगुणून नंतर त्यांत शब्द बसवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण नवख्या माणसाच्या मनात येणारे स्वर बहुधा कुठेतरी ऐकलेले असतात, आणि शब्द त्यांत कोंबले की त्यांची तोडमोड होते. शब्द हातात असले की ते स्वतःच बरेच काही सांगतात. कविता कोणाची असेल त्याची परवानगी घ्यावी. मी माझ्या एका मैत्रिणीच्या ओळी तिला विचारून घेतल्या. ती मूळची उमरेडची असल्यामुळे तिच्या ओळींत पळस आला आहे:

पळस पेटला ओढ्याच्या कडेला
वाटसरू गेला सावलीला

पान नाही एक फांदीच्या माथ्याला
तरी पाखराला तोच हवा

हा मोठ्या अभंगाचा साचा आहे. प्रत्येक कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. पहिल्या चालीसाठी मी हाच साचा सुचवेन, कारण तो अक्षरछंद आहे. यात अक्षरांची संख्या मोजली जाते, लघु-गुरू मोजले जात नाहीत, त्यामुळे कोणते अक्षर किती ओढायचे याची मोकळीक चाल बांधणाऱ्याला मिळते. गझल किंवा अक्षरगणवृत्तातली कविता घेतली तर लघु-गुरूंचा क्रम कवीने आधीच पक्का केलेला असतो, आणि लघु अक्षर चालीत लांबवले की वृत्ताचा डौल बिघडतो. ते काम दुसऱ्या-तिसऱ्या चालीसाठी ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्यावर मी जवळजवळ तीन आठवडे घालवले. शब्द तालात बसवताना स्वरांचा विचार बाजूला ठेवावा, हाताने केरव्याच्या आठ मात्रा धराव्यात आणि ओळ नुसती बोलावी. मी पहिल्यांदा एका मात्रेला एक अक्षर असे सरळ मांडले. पहिला चरण सहा मात्रांत संपला, दुसऱ्याची ‘ओ’ आणि ‘ढ्या’ ही अक्षरे सातव्या-आठव्या मात्रेवर गेली आणि पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नेमके ‘च्या’ आले. मला ते जाणवलेही नव्हते. गाणे शिकवणाऱ्या बाईंनी एकदा ऐकले आणि विचारले, “तुझ्या समेवर ‘च्या’ का येतंय गं? त्या ओळीत सांगण्यासारखं तेवढंच आहे का?” सम ही तालातली सर्वांत ठळक जागा, ऐकणाऱ्याचे कान आणि मान दोन्ही तिथे येऊन थांबतात. त्या जागी विभक्तीचा प्रत्यय आला तर ओळीचा अर्थच घरंगळतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक ओळीला आधी हाच प्रश्न विचारते, की हिच्यातला कोणता शब्द समेचा मान घेण्याजोगा आहे.

उत्तर मिळाले की उरलेली अक्षरे बसवणे सोपे जाते. मी प्रत्येक चरणाला केरव्याचे एक आवर्तन दिले, म्हणजे सहा अक्षरांना आठ मात्रा मिळाल्या आणि दोन मात्रा ओढण्यासाठी शिल्लक राहिल्या. त्या कुठे खर्च करायच्या, इथे कान लावावा लागतो. ‘पळस’मधला ‘स’ ओढून पाहिला तर ‘पळसऽ’ असे कोणी बोलत नाही, म्हणून ते कृत्रिम वाटते. ‘पेटला’मधला ‘पे’ मात्र बोलतानाही आपण लांब करतो. ‘ओढ्याच्या’मध्ये ‘ओ’ ओढला तर ओढा डोळ्यांसमोर येतो, ‘च्या’ ओढला तर काहीच येत नाही. चौथ्या चरणात चारच अक्षरे असल्यामुळे प्रत्येकाला दोन-दोन मात्रा मिळतात आणि ओळ आपोआप संथ होते. फुललेल्या पळसाला पाने नसतात, त्यामुळे त्याच्याखाली सावली नसते आणि वाटसरूला ती दुसरीकडे शोधावी लागते. कवितेचा सगळा भार ‘सावलीला’ या शब्दावर आहे आणि छंदानेच त्याला दुप्पट जागा दिली आहे. हे लक्षात आले त्या संध्याकाळी मला मनापासून आनंद झाला.

राग निवडताना मी भूप घेतला. सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर, कोमल-तीव्राचा प्रश्न नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या गळ्यावर तो सुरुवातीपासून चढलेला असतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. देसकारातही हेच पाच स्वर आहेत; भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार आणि देसकाराचा धैवत, त्यामुळे धैवतावर फार रेंगाळले आणि उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात, फिरत राहिले की राग बदलल्याचा भास होतो. सुगम चालीत रागाची शुद्धता कसोशीने पाळलीच पाहिजे असे नाही, पण आपण काय करत आहोत ते माहीत असावे. माझ्या ध्रुपदाची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या पहिल्या कडव्याची, शेवटी ठरलेली मांडणी अशी आहे:

प ळ स पे ऽ ट ला ऽ
ग ग रे ग – प ग –

ओ ऽ ढ्या च्या क डे ला ऽ
ग – प ध प ग रे –

वा ट स रू गे ऽ ला ऽ
ग रे ग प ध – प –

सा ऽ व ऽ ली ऽ ला ऽ
ग – रे – ध़ – सा –

भातखंडे पद्धतीत स्वर लांबवायचा असेल तर आडवी रेघ आणि अक्षर लांबवायचे असेल तर अवग्रह लिहितात, मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, स्वराखाली बिंदू देतात. पहिल्या दिवसापासून असे लिहून ठेवावे. फोनवर ध्वनिमुद्रण जरूर करावे, पण फक्त त्यावर विसंबू नये. कागदावर मांडल्याशिवाय ‘च्या’ समेवर गेल्याचे दिसत नाही.

अंतऱ्यात, म्हणजे ध्रुपदानंतरच्या कडव्यात, तार (वरच्या) सप्तकात जायची प्रथा आहे, म्हणून नवखा विद्यार्थी अंतऱ्याच्या पहिल्याच शब्दावर तार सा गाठतो आणि पुढे चढायला जागाच उरत नाही. मी तो ‘तरी’साठी राखून ठेवला, कारण अर्थाचे वळण तिथे आहे: पान नाही, तरी पाखराला तोच पळस हवा आहे.

चाल तयार झाली असे वाटले की ती दुसऱ्याच्या गळ्यात टाकून पाहावी. हे सहसा कोणी सांगत नाही आणि माझ्या मते याच्याशिवाय चाल पूर्ण होत नाही. माझी आत्या नागपूरच्या महाल भागात राहते आणि तिथल्या भजनी मंडळात गाते. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनांची परंपरा आपल्या विदर्भात घरोघरी आहे, आणि त्या भजनांत वाढलेल्या माणसाला एकदा ऐकलेले ध्रुपद लगेच उचलायची सवय असते. मी तिला चार वेळा गाऊन दाखवले आणि मग गप्प बसून तिचे तीनदा ऐकले. त्या वेळी माझ्या मूळ चालीत ‘ओढ्याच्या’वर गंधारावरून थेट तार सा अशी उडी होती. आत्याने तिन्ही वेळा ती उडी टाळून तिथे ग, प, ध असे सरळ म्हटले. तिला आपण काही बदलले याची जाणीवही नव्हती. ती उडी मला दाखवायची होती, ओळीला ती नको होती, हे मला तिच्या तोंडून ऐकल्यावर समजले, आणि वर दिलेल्या मांडणीत तिचाच बदल आहे. दुसरा गळा एकाच जागी पुन्हा पुन्हा तसाच बदल करत असेल तर तो बदल स्वीकारावा. दर वेळी वेगळे चुकत असेल तर ती जागा अवघड आहे पण तिला स्वतःचे रूप आहे, ती सरावाने बसते. जाता जाता आत्याने आणखी एक विचारले, “पोरी, इथं श्वास कुठं घेऊन राहिली तू?” मी पहिल्या दोन चरणांची आठवी मात्रा लगेच श्वासासाठी मोकळी केली. तिसऱ्याची केली नाही, कारण ‘गेला’चा पंचम न तोडता ‘सावलीला’च्या गंधारावर उतरावा अशी माझी इच्छा होती.

आपली चाल कोणत्या तरी जुन्या गाण्यासारखी वाटते का, हेही याच टप्प्यावर दोघा-तिघांना विचारावे. पाच स्वरांच्या रागात थोडे साम्य येणारच. मुखड्याचे, म्हणजे सुरुवातीच्या ओळीचे, स्वर आणि समेची जागा या दोन्ही गोष्टी जुळत असतील तर मात्र मुखडा बदलावा.

आता लोकांसमोर गाण्याची तयारी. पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या स्वराला सा धरायचा ते, ठरवताना चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पाहावा. माझ्या चालीत मंद्र धैवतापासून तार षड्जापर्यंत जावे लागते आणि काळी चारमध्ये दोन्ही टोके मला न ताणता मिळतात. ही पट्टी तबला वाजवणाऱ्यांना किमान आठवडाभर आधी सांगावी, कारण प्रत्येक तबला प्रत्येक पट्टीला लागत नाही. त्यांना त्या स्वराचा तबला आणावा लागतो.

नागपुरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आमचा सराव ज्येष्ठातल्या दुपारी कूलर लावलेल्या खोलीत होत असे. तबला नेमका कूलरच्या झोतासमोर मांडलेला होता. तबला वाजवणाऱ्या दादांनी गट्ट्यांवर हातोडी मारून तो पेटीशी तंतोतंत मिळवला, आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत तो उतरला. पुन्हा मिळवला, पुन्हा उतरला. कूलरची हवा ओलसर असते, तबल्याची पुडी चामड्याची. ओलावा लागला की ती सैल पडते आणि स्वर खाली येतो. कोरड्या उन्हात ती ताणली जाऊन स्वर चढतो. पेटीचा स्वर मात्र जागचा फारसा हलत नाही, म्हणून दोघांमध्ये अंतर पडते आणि गाणाऱ्याला आपणच बेसूर होत आहोत असे वाटू लागते. तबला झोताच्या बाजूला सरकवून ठेवावा, आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी वाद्ये अर्धा तास आधी नेऊन तिथल्या हवेत राहू द्यावीत. पावसाळ्यात तर हे अधिकच आवश्यक आहे.

शक्य असेल तेव्हा मोठे गायक ऐकायला जावे आणि एखाद्या वेळी फक्त त्यांचे बसणे पाहावे. सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात मी मागच्या रांगेत बसून एका मैफलीत केवळ एवढेच पाहिले, की गायिका सुरुवात करण्यापूर्वी काय करतात. त्यांनी तानपुरा नीट ऐकला, माइक हाताने थोडा दूर केला आणि मांडीवर बोटांनी लय धरून तबल्याकडे पाहिले. घाई कुठेच नव्हती. वसंतरावांचे सुरुवातीचे शिक्षण याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले, हे त्या सभागृहात बसल्यावर आठवते आणि आपल्या गावाचा गाण्याशी किती जुना संबंध आहे ते जाणवून बळ येते.

लयीच्या बाबतीत माझी चूक झाली ती सविस्तर सांगते, कारण ती सगळ्यांकडून होते. सरावात माझी लय मिनिटाला ९६ मात्रांची होती, म्हणजे ३२ मात्रांचे ध्रुपद २० सेकंदांत पूर्ण होत असे. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण नंतर मोजले तेव्हा तेच ध्रुपद १६ सेकंदांत संपलेले आढळले. छातीत धडधड असताना माणसाला जलद लय संथ वाटते, त्यामुळे त्या क्षणी आपल्याला वाटणारी लय खरी धरू नये. उपाय साधा आहे: स्टेजवर बसल्यावर चालीतला सर्वांत संथ चरण मनात एकदा पूर्ण म्हणावा, माझ्या बाबतीत ‘सावलीला’, आणि तो ज्या लयीत भरून येतो तीच लय तबल्याला हाताने दाखवावी. पहिल्या ओळीवरून लय दिली की ती चढीच जाते.

गाऊन झाल्यावर शाबासकी मिळते आणि ती जरूर घ्यावी, पण झोपण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहाव्यात: कुठे श्वास कमी पडला, कोणत्या शब्दावर लोकांनी मान हलवली, तबला कुठे उतरला. सकाळपर्यंत यातले अर्धे विसरायला होते. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे: “‘सावलीला’ म्हणताना ‘ली’वर श्वास संपला. आत्याने विचारले होते.” आता मी ‘गेला’चा ‘ला’ सातव्या मात्रेवर सोडते आणि आठवी मात्रा श्वासासाठी मोकळी ठेवते, पंचम तुटतो, पण ‘सावलीला’चे चारही स्वर पूर्ण लागतात.