इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत ट्रेनी म्हणून उभं राहताना

जोडीदाराच्या नोकरीमुळे इंग्लंडला आलेले, हाताशी डी.एड. किंवा बी.एड. असलेले आणि इथेही वर्गावर उभं राहायची ओढ असलेले बरेच जण मला विचारतात, ‘सुरुवात कुठून करू?’ मी मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, एका शाळेत इयर थ्रीला (सात-आठ वर्षांच्या मुलांना) शिकवते. स्वतः पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा इथला शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स, करून इथपर्यंत आले आणि आता नव्या ट्रेनींची मेंटर म्हणूनही काम करते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर जे कळलं, ते इथे लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे चांगला शिक्षक कोण, तर जो छान समजावून सांगतो. इथे तुमचा तास बघायला मागे बसलेली मेंटर तुमच्याकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघत असते. कोणाला कळलं, कोणाला नाही, आणि ते तुमच्या लक्षात आलं का, हे ती टिपते. तुमचं इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालतं. तिसऱ्या टेबलावरचं मूल दहा मिनिटं नुसतं पेन्सिल फिरवतंय आणि तुम्हाला पत्ता नाही, हे मात्र चालत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. क्वालिफाइड टीचर स्टेटस, म्हणजे क्यूटीएस, ही शिक्षक म्हणून इथली अधिकृत पात्रता. ती मिळवायचा रुळलेला रस्ता म्हणजे वर्षभराचा पीजीसीई. त्यात किमान 120 दिवस प्रत्यक्ष शाळेत जातात, तेही किमान दोन वेगळ्या शाळांत. भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करायची सोय 2023 पासून आहे, पण ती 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी. प्राथमिकवाल्यांनी तिच्या भरवशावर राहू नये. प्राथमिकसाठी इंग्रजी, गणित आणि विज्ञान या तिन्ही विषयांत जीसीएसई (सोळाव्या वर्षी होणारी इथली शालेय परीक्षा) ग्रेड 4 च्या तोडीचं शिक्षण दाखवावं लागतं. दहावीची गुणपत्रिका यूके ईनिककडे (परदेशातलं शिक्षण इथल्या कशाच्या तोडीचं, हे सांगणारी संस्था) पाठवण्याआधी विद्यापीठाला मेल टाकून विचारा. काही ठिकाणी ती चालते, काही ठिकाणी वेगळी समकक्षता परीक्षा द्यायला सांगतात. डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची, तपासणी इथे होते, पण भारतात राहिलेल्या काळासाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर टाका. तुम्ही ‘होम’ फीमध्ये बसता की ‘इंटरनॅशनल’मध्ये, हेही आधीच विचारून घ्या. फरक हजारो पौंडांचा असतो.

घाई नसेल तर पीजीसीईच्या आधी एखाद्या शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून किंवा दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवणारी मदतनीस म्हणून काम करा. पगार थोडा असतो, पण मुलं आपसात कशी बोलतात, भांडण झालं की मोठी माणसं कोणत्या शब्दांत सोडवतात, हे कानावर पडतं. माझ्याकडे आलेल्या ट्रेनींपैकी ज्यांनी हे केलं होतं, त्या वर्गात लवकर रुळल्या.

इथे मूल चार वर्षांचं झालं की रिसेप्शनमध्ये येतं, पुढे इयर वन ते इयर सिक्स. प्लेसमेंटच्या, म्हणजे कोर्समधल्या शाळेतल्या कामाच्या, पहिल्या आठवड्यात शिकवायची घाई करू नका. एक वही घ्या आणि शाळेच्या रीती लिहून काढा: वर्ग गप्प करायला बाई काय करतात, टाळीचा ठेका की वर केलेला हात, कार्पेटवर कोण कुठे बसतं, रांगेत पुढे कोण, टॉयलेटला जायची खूण काय, वह्या तपासायच्या पेनचा रंग कोणता. प्रत्येक शाळेच्या या गोष्टी वेगळ्या असतात, आणि मुलं त्यांच्या आधारावर दिवस काढतात. तुम्ही वर्गशिक्षिकेचीच खूण, तिच्याच शब्दांत वापरली की तीस मुलं तुमचं ऐकतात. स्वतःची नवी पद्धत आणायला पुढे भरपूर वेळ आहे. आणि नावाचं: आडनाव कापून सोपं करू नका. कुलकर्णी असाल तर फळ्यावर लिहा, टाळ्या वाजवत तुकड्या-तुकड्यांनी म्हणून घ्या. दोन दिवसांत अख्खा वर्ग नीट म्हणतो.

आता फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवायची पद्धत. रिसेप्शन आणि इयर वनमध्ये रोज फोनिक्सचा तास असतो, आणि आपल्याला सगळ्यात जास्त तयारी याचीच करावी लागते. बहुतेक शाळांत सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी होते, कारण तेवढ्यावर सॅट, पिन, टॅप असे शब्द लगेच वाचता येतात. मूल एकेक ध्वनी म्हणतं आणि मग ते जोडतं. आपली अडचण अशी की आपण ‘म’ म्हणतो तेव्हा त्यात ‘अ’ आलेलाच असतो. तो राहिला तर ‘म-अॅ-ट’ जोडताना मुलाचा ‘मॅट’ होत नाही, मध्ये भलताच स्वर घुसतो. इथे पाय मोडलेला ‘म्’ हवा, ओठ मिटून लांबवलेला. ‘स्’, ‘न्’, ‘फ्’ हेही तसेच लांबवायचे. ‘प्’, ‘ट्’, ‘क्’ झटकन तोडायचे. व्हेट आणि वेट यांतला फरक आरशासमोर उभं राहून पक्का करा: एकाला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू. तुमच्या बोलण्याच्या ढबीला कोणी नावं ठेवणार नाही, ठेवूही नयेत. पण फोनिक्सच्या तासाला ध्वनी स्वच्छ हवा, कारण समोरचं पाच वर्षांचं मूल तुमच्या तोंडाकडे बघून वाचायला शिकत असतं.

इयर वनच्या शेवटी, जूनमध्ये, प्रत्येक मुलाची एकेकट्याने फोनिक्स चाचणी होते. चाळीस शब्द, त्यांतले वीस निरर्थक, आणि प्रत्येक निरर्थक शब्दाशेजारी एका विचित्र प्राण्याचं चित्र. निरर्थक शब्द का, असं आपले पालक हमखास विचारतात. ओळखीचा शब्द मूल पाठ करून किंवा अंदाजाने म्हणू शकतं. जो शब्द जगात नाहीच, तो ध्वनी जोडूनच वाचावा लागतो. पालकांना हे मराठीत सांगू शकणारी शाळेतली एकमेव व्यक्ती बहुधा तुम्हीच असाल.

गणितात आपण पक्के असतो, आणि तिथेच सावध राहायचं. इयर फोरला जूनमध्ये पाढ्यांची ऑनलाइन परीक्षा असते: 12 पर्यंतचे पाढे, 25 प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. ‘बे एकं बे’च्या चालीवर तीसपर्यंत म्हटलेल्या माणसाला हे किरकोळ वाटतं. पण त्याच वर्गातला रोजचा गणिताचा तास बघा. मी पाहिलेल्या एका तासात सात आठं छप्पन्न हे एकच उदाहरण फळ्यावर होतं. एका मुलाला उत्तर आठवेना. त्याने आठ-आठ ठिपक्यांच्या सात ओळी काढल्या, पाचव्या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाला, वर चाळीस, खाली सोळा. बाईंनी ‘शाब्बास’ म्हणून पुढचं गणित घेतलं नाही. त्यांनी विचारलं, आणखी कोणाची वेगळी रीत? एक मुलगी म्हणाली, सात साती एकोणपन्नास मला येतं, त्यात आणखी एक सात. तिसऱ्याने आठ चोक बत्तीसवरून सुरुवात केली, आठ त्रिक चोवीस त्यात मिळवले. अर्धा तास गेला. पण पुढच्या आठवड्यात सव्वीस गुणिले आठ आलं, तेव्हा त्या वर्गाने ते कोणी न सांगता फोडलं. हा तास बघितल्यापासून मी ‘हे तुला कसं कळलं?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून विचारा.

बारीकसारीक फरकही आहेत. वजाबाकीत आपण हातचा घेतो. इथे ‘एक्स्चेंज’ म्हणतात आणि दहाची कांडी घेऊन तिच्या बदल्यात दहा सुटे ठोकळे मुलाच्या हातात ठेवतात. इयर फाइव्हला दहा लाखांपर्यंतच्या संख्या येतात. स्वल्पविराम दर तीन अंकांनी द्यायचा. घाईत फळ्यावर 1,50,000 लिहिलं की मुलं गोंधळतात, म्हणून सवय आधीच करा.

मराठी असण्याचा उपयोग कुठे होतो, याचं एक उदाहरण. एका वर्गात पिंपरीहून नुकताच आलेला मुलगा होता. बेरीज करताना त्याची बोटं उघडत-मिटत नव्हती, अंगठा तेवढा तळहातावर फिरायचा. वर्गशिक्षिकेला वाटलं, त्याला बोटांवर मोजणंही येत नाही, त्याला अगदी सुरुवातीपासून शिकवावं लागेल. तिथे असलेली ट्रेनी मराठी होती. तो पेरांवर मोजतोय, एका बोटाला तीन पेरं, चार बोटांवर बारा, हे तिने करून दाखवलं. त्याच दिवशी त्याला वरच्या पातळीचं काम मिळालं. तो मुलगा अजून एक शब्दही बोलत नव्हता. नवीन भाषेत पडलेली मुलं कधी आठवडे, कधी महिने गप्प राहतात, आणि त्या काळात सगळं ऐकत असतात. त्यांना बोलायला भाग पाडू नका. चित्र दाखवून, हो-नाहीची खूण करून, शेजारी एखादा बोलका मित्र बसवून सामील करून घ्या. त्याच्याशी दोन वाक्यं मराठीत बोलायला काहीच हरकत नाही. मेंटरच्या कानावर घाला म्हणजे झालं. आणि आईवडील घाबरून ‘घरी आता इंग्रजीच बोलू का?’ असं विचारायला आले, तर ठामपणे सांगा: घरी मराठीच बोला, मराठीच गोष्टी सांगा. घरची भाषा पक्की असलेलं मूल दुसरी भाषा त्याच पायावर उभी करतं.

आता मुलांच्या सुरक्षिततेचं, म्हणजे सेफगार्डिंगचं. ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या सरकारी मार्गदर्शिकेचा पहिला भाग नीट वाचूनच शाळेत पाऊल टाका. प्रत्येक शाळेत एक डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली व्यक्ती, असते. ती कोण, तिची खोली कुठे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. मूल कधी कार्पेट आवरताना, कधी बुटाची लेस बांधून घेताना, सहज काहीतरी बोलून जातं: रात्री घरात कोणी नव्हतं, अमुक माणसाची भीती वाटते. अशा वेळी ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. त्याने मारलं का, असं स्वतःहून सुचवू नका. शांतपणे ऐका, मुलाचे शब्द आहेत तसे लिहा, वेळ-तारीख घाला आणि त्याच दिवशी लीडला सांगा. खरंखोटं करणं आपलं काम नाही. ‘दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला?’ हा विचार आपल्यात खोल मुरलेला आहे. इथे त्यापायी एखाद्या मुलाची मदत लांबू शकते. तुम्ही सांगितलेली गोष्ट किरकोळ निघाली तरी तुम्हाला कोणी बोल लावत नाही.

याच विषयात आणखी थोडं. फोन लॉकरमध्ये, आपल्या फोनवर मुलांचा फोटो कधीच नाही, पाठमोराही नाही. गालगुच्चा, मांडीवर घेणं टाळा. सरकारी शाळांतली छडी 1987 पासून कायद्यानेच बंद आहे, आणि गमतीत उगारलेला हातही इथे गमतीचा धरला जात नाही. वाढदिवसाला शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की नेऊ नका. पुष्कळ शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा पूर्ण बंद असतो, कारण एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

दिवाळी आली की तुम्हालाच विचारतील, तेव्हा आधीच तयारीत राहा. पणत्या आणि रांगोळी शाळांना माहीत असते. तुम्ही किल्ला करा. मोठ्या ट्रेमध्ये माती, दगड, वर हळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, बुरुज, पायऱ्या, मावळे. बी उगवण्यात विज्ञान आलं, उतार आणि वाटांत भूगोल, आणि गडांच्या गोष्टीत इतिहास. महाराष्ट्रातली मुलं दिवाळीत किल्ले करतात, हे इथल्या शिक्षकांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

मेंटरच्या सूचना फार सौम्य शब्दांत येतात. ‘पुढच्या वेळी हे करून बघायला आवडेल का?’ असं ती म्हणाली की पुढच्या तासाला ते दिसायला हवं. सूचना लिहून घ्या आणि दोन दिवसांनी स्वतःहून दाखवा, ‘तुम्ही सांगितलेलं असं करून पाहिलं.’ मेंटर म्हणून सांगते, ट्रेनी शिकतेय की नाही हे आम्हाला यावरूनच कळतं.

नोव्हेंबर-डिसेंबर जड जातात. चारच्या सुमारास अंधार पडतो, नाताळच्या नाटुकल्याच्या तालमी चालू असतात, वर्ग चंचल होतो आणि विद्यापीठाचे निबंधही तेव्हाच असतात. घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. त्या आठ आठवड्यांचा स्वयंपाक आणि मुलांची ने-आण दुसऱ्याने उचलायला हवी. मैदानावरच्या ड्युटीसाठी चांगला जाड कोट घ्या, त्यात काटकसर नको.

नोकरीचे अर्ज कोर्स संपेपर्यंत लांबवू नका. सप्टेंबरला शाळा सोडणाऱ्या शिक्षकांना 31 मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो, त्यामुळे फेब्रुवारी ते मे याच काळात जाहिराती येतात. तुमच्या व्हिसाला प्रायोजक लागणार असेल तर अर्ज करण्याआधीच शाळेला विचारा. मुलाखतीला बहुतेक ठिकाणी एक छोटा तास घ्यायला सांगतात, अनोळखी मुलांसमोर. आदल्या आठवड्यात शाळेला मेल करून विचारा: वर्ग कोणता, मुलं किती, इंग्रजी नव्याने शिकणारी किती, विशेष मदत लागणारी कोण, आणि टीचिंग असिस्टंट असेल का. मग तासात कमी बोलायचं ठरवून जा आणि एका तरी मुलाच्या उत्तरावर थांबून, त्याला ते कसं सुचलं, हे विचारा.