हेडफोन कानाला लावण्याआधी

सीमॉय म्हणजे घरी हेडफोन ॲम्प बनवणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला ॲम्प. एक ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप), 9 व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. शेवटचा सांधा सोल्डर झाला की हात आपोआप आवडत्या हेडफोनकडे जातो. तो आवरायचा. मी एकदा आवरला नव्हता. ऑप-ॲम्पच्या सॉकेटमध्ये एक पाय दुमडून राहिला होता, आणि हेडफोनमधला उजवा ड्रायव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, 'टक्' करून कायमचा गप्प झाला.

म्हणून आधी ॲम्प तपासायचा. त्यासाठी टेबलावर काय हवं ते बघा. हेडफोनच्या जागी लावायला 33 ओमचे दोन आणि 300 ओमचे दोन रेझिस्टर, शक्यतो अर्ध्या वॅटचे. पुण्याच्या तपकीर गल्लीत चिल्लरीत मिळतात. एक जुनी 3.5 मिमी पिन, वायरी सोलून टोकं मोकळी केलेली. जॅकमध्ये थेट मल्टिमीटरच्या सुया खुपसल्या की एक ना एक घसरते आणि आउटपुट शॉर्ट होतो. जीव गेला तरी चालेल असा एक स्वस्त हेडफोन. आणि ताजी बॅटरी.

फोनवर 100 हर्ट्झ आणि 1 किलोहर्ट्झच्या साइन टोनच्या फाइली आधीच उतरवून ठेवा. 100 एवढ्यासाठी, की साधे मल्टिमीटर एसीवर काहीशे हर्ट्झपर्यंतच विश्वासाचे असतात. आवाज अगदी खाली ठेवून सुरुवात करा. मूळ सीमॉयचा गेन 11 आहे, म्हणजे सिग्नल 11 पट होतो. फोनने अर्धा व्होल्ट दिला तर बाहेर साडेपाच मागितले जातात, ते 9 व्होल्टच्या बॅटरीला झेपत नाहीत, आणि लाटेची टोकं कापली गेली की तुम्ही ॲम्पला नावं ठेवाल.

पहिलं माप डीसी ऑफसेटचं, म्हणजे काही वाजत नसतानाही आउटपुटवर राहणाऱ्या स्थिर व्होल्टेजचं. इनपुट शॉर्ट करा, आउटपुट आणि जॅकची ग्राउंड यांच्यात मिलिव्होल्ट बघा, दोन्ही चॅनेलचे. 20 च्या आत असेल तर पुढे चला. 50 च्या वर गेलं तर हेडफोन कपाटातच राहू द्या. इथली ग्राउंड म्हणजे बॅटरीचं ऋण टोक नव्हे, दोन रेझिस्टरनी मधोमध बनवलेली आभासी ग्राउंड आहे. ज्याचं ऋण टोक अर्थला जोडलेलं आहे अशा ॲडॅप्टरवर ॲम्प चालवून ऑसिलोस्कोपची क्लिप जॅकच्या ग्राउंडला लावलीत, तर ती आभासी ग्राउंड सरळ शॉर्ट. स्कोप लावायचा तर बॅटरीवरच.

मग आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पच्या आउटपुटचा स्वतःचा अडथळा. 100 हर्ट्झवर काहीही न जोडता समजा 0.500 व्होल्ट आले आणि 33 ओम लावल्यावर 0.470 उरले. पहिल्याला दुसऱ्याने भागा, एक वजा करा, 33 ने गुणा: साधारण 2.1 ओम. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाच्या आत हा आकडा असला की बास, म्हणजे 32 ओमच्या हेडफोनला 4. ऑप-ॲम्प गरम होतोय का, हे अर्ध्या तासाने बोट लावून बघा.

ऐकायची तयारी याहून चिवट. नुसत्या फोनशी तुलना करायची असेल तर दोन्हीकडचा आवाज मल्टिमीटरवर जुळवून घ्या, 0.500 आणि 0.506 इतक्या जवळ. हा फरक 0.1 डेसिबलचा. जुळवला नाहीत तर जो जरा मोठा वाजतो तोच 'खुला' आणि 'जिवंत' वाटतो, मग त्यात ऑप-ॲम्प कुठलाही असो. घरातल्या कुणाला तरी पाठीमागे पिन बदलायला बसवा, नाणं उडवून. हिस (मागची सस्स) ऐकायला पॉट, म्हणजे आवाजाची खुंटी, पूर्ण वर, इनपुट शॉर्ट, पंखा बंद. मे महिन्यात हे पहाटेच जमतं. पॉट अगदी खाली असताना एक कान दुसऱ्याहून हळू वाजतो का, तेही तेव्हाच कळतं. मी तानपुऱ्याचं एक रेकॉर्डिंग ठेवलंय, तार विझत जाताना मागची खरखर लपत नाही.

उठण्याआधी बॅटरी पुन्हा मोजा. 7 व्होल्टच्या खाली उतरली असेल तर नवी घाला आणि ऐकण्याची फेरी परत करा.