वर्गात कृती घ्यायचीय? आधी अंदाज लिहून घ्या, मग साहित्य वाटा

पहिली ते चौथीच्या वर्गात एखादी कृती घ्यायची म्हटलं की बहुतेक जण सुरुवात साहित्यापासून करतात, काय आणायचं, किती आणायचं, कुठे ठेवायचं. मग तास होतो, मुलं जाम खूष, जमीन ओली, आणि शेवटी कोणाला विचारलं की आज काय शिकलास तर उत्तर येतं, "आम्ही होडी केली." होडी केली ते छानच, पण ती तरंगली का हे त्याला विचारायचं राहून गेलेलं असतं. म्हणून साहित्याच्या आधी एक प्रश्न ठरवा. एकच. आणि तो असा हवा की ज्याचं उत्तर मुलांना बघून सापडेल, पुस्तकातून पाठ करून नाही.

तयारी अशी करा

प्रश्न ठरला की स्वतः एकदा सगळं करून बघा, तेही वर्गात मिळणार आहे त्याच साहित्याने. घरी जमतं ते वर्गात जमेलच असं नाही, कारण तिथे कात्री बोथट असते आणि नळ लांब असतो.

मग गट पाडा. तीन किंवा चार मुलांचा गट बरा पडतो, पाच-सहा झाले की दोघं करतात आणि बाकीचे बघतात किंवा एकमेकांना ढकलतात. प्रत्येकाला काम द्या, एक साहित्य आणणारा, एक करणारा, एक लिहिणारा, आणि पुढच्या वेळी कामं बदला, नाहीतर अक्षर चांगलं असलेली मुलगी वर्षभर लिहीतच बसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साहित्य हातात जायच्या आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, पहिलीतल्या मुलांनी चित्र काढलं तरी चालेल. तोंडी विचारू नका, कारण एका हुशार मुलाने "बुडणार" म्हटलं की अख्खा वर्ग बुडणारच म्हणतो. लिहून झालेला अंदाज नंतर खोडायचा नाही हेही सांगून ठेवा, आणि तो चुकला तर मार्क जात नाहीत हे तर दोनदा सांगा. सूचना सुद्धा साहित्य वाटायच्या आधीच द्यायच्या, कारण एकदा का क्ले हातात आली की तुमचं कोणी ऐकत नाही.

क्लेची होडी, जरा सविस्तर

तिसरी-चौथीसाठी ही माझी सगळ्यात आवडती. तेलकट क्ले घ्या, पाण्यात न विरघळणारी, साधी माती घेतली तर दहा मिनिटांत सगळा चिखल. प्रत्येक गटाला साधारण २०० ग्रॅमचा गोळा द्या. पहिला प्रश्न, हा गोळा तरंगेल का? लिहा, टाका, बुडतो. दुसरा प्रश्न, हीच क्ले तरंगवून दाखवाल का, काही काढायचं नाही आणि काही जोडायचं नाही?

इथे तुम्ही गप्प बसायचं. खरंच गप्प. मुलं आधी चपटी पोळी करतात, ती बुडते, मग कडा वर वळवतात, मग एका बाजूने पाणी शिरतं, मग कोणाचं तरी वाटीसारखं काहीतरी तरंगतं आणि आरडाओरडा होतो. तो होऊ द्या.

आता विचारा, का तरंगली? हमखास उत्तर येतं, "हलकी झाली म्हणून." हे उत्तर चूक आहे असं लगेच सांगून टाकू नका, तराजू पुढे करा. गोळा आणि होडी दोन्ही वेळा वजन करायला लावा (होडी आधी पुसून घ्या). वजन तेवढंच भरतं, आणि मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग पुढचं, एक उभट पारदर्शक बरणी घ्या, होडी जेमतेम मावेल एवढ्या तोंडाची, आणि बाहेरून पट्टी चिकटवून पाण्याच्या पातळीची खूण करा. गोळा बुडवला की पाणी किती चढलं त्याची एक खूण, होडी तरंगवली की दुसरी. होडीच्या वेळी पाणी जास्त चढतं. रुंद टब घेतला तर फरक एखाद-दोन मिलिमीटरचाच येतो आणि तो मुलांना दिसतच नाही, म्हणून बरणीच हवी. होडी जास्त पाणी बाजूला सारते, आणि ते बाजूला सारलेलं पाणी तिला तोलून धरतं, एवढं या वयात पुरे. आर्किमिडीजचं नाव सांगायचं तर सांगा, घनतेचं गणित मात्र आत्ता नको.

काड्यांचे गठ्ठे आणि हातच्याची वजाबाकी

दुसरीच्या वर्गात ४२ वजा १७ द्या, निम्म्या वह्यांत उत्तर ३५ मिळेल. कारण मुलं सातातून दोन वजा करतात, मोठ्यातून लहान, सोपं वाटतं ना.

तर आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड घ्या. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या, हे झाले ४२. आता म्हणा, सतरा काढून मला द्या. मुलगा आधी एक गठ्ठा देतो, मग सात सुट्ट्या हव्यात आणि हातात दोनच. तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही काही बोलू नका. थोड्या वेळाने कोणीतरी रबर काढतंच. आता सुट्ट्या झाल्या बारा, त्यातून सात गेल्या, उरल्या पाच, आणि दोन गठ्ठे. पंचवीस. आता वहीतलं ३५ आणि बेंचवरचं २५ शेजारी ठेवा आणि कोणतं बरोबर ते मुलांनाच ठरवू द्या.

एक सवय मात्र लावा, काड्यांवर जे घडलं ते त्याच क्षणी वहीत लिहायचं, गठ्ठा सोडला की लगेच ४ खोडून ३ आणि एककाच्या घरात १२. हे नाही केलं तर काड्या एकीकडे आणि गणित दुसरीकडे राहतं. काही दिवसांनी काड्या बाजूला ठेवून गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्ट्यासाठी टिंब काढायला लावा, आणि मग नुसते अंक. आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडला होता आणि वर्गात तो अजूनही तितकाच चालतो. चित्राची पायरी गाळायचा मोह फार होतो. गाळू नका.

बल्ब पेटवा

एक दीड व्होल्टचा साधा सेल, एक टॉर्चचा बल्ब, एकच वायर. पेटवा बघू. मुलांना वाटतं दोन वायरी लागतात, त्यामुळे खटपट भरपूर होते आणि तेच हवंय. बल्बला दोन जागी स्पर्श लागतो, खालचं टोक आणि बाजूचा धातूचा भाग, हे त्यांचं त्यांनाच सापडू द्या. फक्त नुसती वायर सेलच्या दोन्ही टोकांना जोडून धरायची नाही, ती तापते, आणि घरातल्या प्लगच्या जवळही जायचं नाही हे आधीच स्पष्ट सांगा. बटणासारखे चपटे सेल वर्गात आणूच नका, लहान मूल गिळू शकतं आणि ते फार धोक्याचं असतं.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा

घंटा व्हायला दहा मिनिटं असताना हात थांबवा, काम अर्धवट राहिलं तरी. साहित्य गोळा करा, टेबलावर साहित्य असताना चर्चा होत नाही. मग अंदाज उघडायचे, कोणाचा बदलला आणि कशामुळे बदलला, एवढंच विचारायचं. "मला वाटलं होतं... पण दिसलं..." असं एक वाक्य प्रत्येकाने लिहायचं. तुमची तपासणी तीच, वेगळी चाचणी नको. आणि दुसऱ्या दिवशी थोडा बदलून एक प्रश्न टाका, होडीला भोक पडलं तर? ५० वजा २३, आता सुट्टी एकही नाही, मग? ज्याला खरंच कळलंय तो इथे अडत नाही, आणि जो अडतो त्याला परत काड्या द्या, त्यात कमीपणा काही नाही.

हे सगळं पहिल्यांदाच करणार असाल तर पाण्यापासून सुरुवात नको, कागदाच्या पट्ट्यांपासून करा. सगळ्या पट्ट्या बरोबर २४ सेंटिमीटरच्या कापा, म्हणजे अर्धा भाग १२ चा, एक तृतीयांश ८ चा, एक चतुर्थांश ६ चा, सगळं सरळ मोजता येतं. घडी घालायच्या आधी विचारा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? चार हा आकडा मोठा म्हणून बरीच मुलं चतुर्थांश लिहितील. लिहू द्या, आणि मग पट्ट्या द्या.