गोळी भिंतीच्या आरपार जात होती, ते असं सुटलं (युनिटी, गेम बनवायचं इंजिन)

गोळी हळू मारली की भिंतीला बरोब्बर धडकायची आणि स्पीड ६० केला की सरळ आरपार, कोलायडर (धडक ओळखणारा न दिसणारा आकार) दोन्हीकडे आहे, लेयर (कोण कोणाला धडकेल ते ठरवणारे गट) बरोबर आहेत, कन्सोलमध्ये एकही एरर नाही, मग गडबड कुठे?

गणित केलं आणि डोक्यात प्रकाश पडला. युनिटीत फिजिक्सची स्टेप डीफॉल्टला ०.०२ सेकंदाची असते, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. ६० च्या स्पीडने गोळी एका स्टेपमध्ये १.२ युनिट पुढे जाते आणि माझी भिंत होती ०.२ जाड! एका स्टेपला गोळी अलीकडे, पुढच्या स्टेपला पलीकडे, मधे काय झालं ते इंजिन बघतच नाही.

गोळीच्या रिजिडबॉडीच्या (वस्तूला फिजिक्स लावणारा भाग) इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे सेटिंगच्या पॅनलमध्ये, कोलिजन डिटेक्शन डिस्क्रीटवर (फक्त स्टेपच्या क्षणी बघणं) होतं ते कंटिन्युअस (मधला रस्ताही तपासणं) केलं, आणि हे महत्त्वाचं बरं का, गोळी ट्रान्सफॉर्मची पोझिशन बदलून हलवत असाल तर कंटिन्युअसचा काही उपयोग नाही, कारण ती तर उचलून पुढे ठेवल्यासारखी होते, म्हणून रिजिडबॉडीला व्हेलॉसिटी द्यायची. गोळी ट्रिगर (न अडता फक्त स्पर्श कळवणारा कोलायडर) असेल तर मागच्या पोझिशनपासून आत्ताच्या पोझिशनपर्यंत दर स्टेपला रेकास्ट (मधे काही आडवं येतं का बघणारी सरळ रेघ) मारा, मला तर तेच जास्त भरवशाचं वाटतं.

स्टेप ०.००५ करा असं बरेच जण सुचवतात, पण त्याने सगळ्या गेमचं फिजिक्स चौपट वेळा चालतं, स्वस्त मोबाइलवर वाट लागते.

आणि जंपचं बटण कधीकधी लागत नसेल तर गेटकीडाउन (बटण दाबलं त्या एकाच फ्रेमला खरं होणारं) फिक्स्डअपडेटमध्ये (दर फिजिक्स स्टेपला चालणारं फंक्शन) लिहिलंय का बघा, ते अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणारं फंक्शन) वाचून बूलमध्ये (हो-नाही साठवणारा व्हेरिएबल) ठेवा आणि फोर्स फिक्स्डअपडेटमध्ये द्या.