गाडी घ्यायची तर शोरूमच्या एसीत नको, आपल्या उन्हात बघा

नवी गाडी बघायला लोक संध्याकाळी जातात, सगळी फॅमिली घेऊन, आणि तिथेच फसतात. आजकालच्या गाड्या शोरूममध्ये दहा मिनिटं बसल्यावर आवडतील अशाच बनवताय, मोठी स्क्रीन, चकचकीत काळा डॅशबोर्ड, काचेचं छत, मोठी अलॉय चाकं. पण आपल्याला ती चालवायचीय जळगाव-भुसावळच्या ४५ डिग्रीत, रात्री कन्नडच्या घाटात आणि मळ्याच्या रस्त्यावर. म्हणून टेस्ट ड्राइव्ह दोन मागा, एक दुपारी दोन-तीनला आणि एक अंधार पडल्यावर. सेल्सवाला कुरकुर करेल, करू द्या भाऊ, दहा-बारा लाख आपले लागताय.

दुपारी गेलात की पहिलं काम म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं उन्हात उभी करायला सांगायची, मग बसायचं. गिअरच्या आजूबाजूला जो काळा चकचकीत पॅनल असतो ना, त्यावर ऊन पडलं की तिरीप सरळ डोळ्यात येते, आणि आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ त्यावर बसली की कपड्याने पुसा नाहीतर हाताने, रेघा पडणारच. सनरूफ असेल तर आतला पडदा बंद करून डोक्यावर हात धरून बघा, किती झळ लागते ते लगेच कळतं. मग एसी फुल करून मागच्या सीटवर जाऊन बसा. म्हातारी माणसं, लेकरं मागेच बसणार आहेत, तिथं हवा किती वेळात पोचते हे कोणी बघतच नाही.

आता बटणं. हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. सीटवर बसून समोर रस्त्याकडे बघत राहा आणि खाली न बघता पंखा कमी करा, हवा पायावरून काचेवर वळवा, मागच्या काचेवरचं धुकं घालवायचं बटण (डिफॉग) दाबा, आवाज कमी करा. गोल नॉब असेल तर हाताला सापडतो, दोन दिवसात सवय होते. स्क्रीनवर मात्र बघितल्याशिवाय बोट कुठं ठेवायचं ते कळतच नाही कारण हाताला सगळी काच सारखीच लागते. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की ४४ मीटर रस्ता न बघता गेला, आणि सुरत-नागपूर हायवेवर तेवढ्यात बाजूच्या शेतातून ट्रॅक्टर आडवा येतो. हे काही मी एकटा बोलत नाहीये, १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरा या अमेरिकन गाडीत टचस्क्रीन दिला होता, लोकांना तो आवडला नाही आणि थोड्याच वर्षात काढून टाकावा लागला. आता युरो एनकॅपनेही, म्हणजे युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणाऱ्या संस्थेने, २०२६ पासून नियम केलाय की इंडिकेटर, हझार्ड, हॉर्न, वायपर आणि इमर्जन्सी कॉल यांना खरंखुरं बटण किंवा दांडी नसेल तर पूर्ण मार्क नाहीत. त्यात एसी नाहीये, तो पाहिजे होता असं मला मनापासून वाटतं. म्हणून दोन व्हेरिएंटमध्ये अडकलात तर ज्यात नॉब आहेत तो घ्या, भले स्क्रीन छोटी असू दे.

टायरवरचा नंबर वाचायला शिका. १८५/६५ आर १५ म्हणजे टायर १८५ मिलिमीटर रुंद आणि त्याची बाजू रुंदीच्या ६५ टक्के उंच, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. तीच गाडी टॉप मॉडेलला १९५/५५ आर १६ वर आली की बाजू १०७ वर येते. दिसायला भारी, पण खड्ड्यात दणका खायला रबर तेवढं कमी आणि रिम वाकायचा धोका जास्त. आपल्या आतल्या रस्त्यांना खालच्या व्हेरिएंटचा छोटा रिम आणि उंच टायरच बरा. डिलिव्हरी घेताना टायरवरचे शेवटचे चार आकडे पण बघा, २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. आणि डिकीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हे आधीच विचारा, तोरणमाळच्या रस्त्यावर टायर बाजूने फाटला तर किट काही कामाचं नाही.

रात्रीच्या ड्राइव्हला अंधाराच्या रस्त्यावर न्या, शहरात नाही. हल्ली डिझाइनसाठी वर बारीक लाइटची पट्टी देताय आणि खरा हेडलाइट खाली बंपरमध्ये ढकलताय, म्हणजे साधा धक्का बसला तरी खर्च हेडलाइटचा. डिपरवर (खालच्या लाइटवर, अप्पर म्हणजे लांबचा) चालवून बघा की डाव्या कडेची पांढरी पट्टी कुठपर्यंत दिसते. बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला हेडलाइटचा झोत खाली-वर करायचं ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं, बहुतेक लोक त्याला हातच लावत नाहीत. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि आपला डिपर पण समोरच्याच्या डोळ्यात जातो, तेव्हा ते २ किंवा ३ वर करायचं. समोरून गाडी दिसली की अप्पर बंद, आपण कोणाच्या मागे असलो तरी बंद. त्याने नाही केला तर आपणही अप्पर मारून बदला घ्यायचा नाही, दोघं आंधळे होतात आणि मधे बिनलाइटची कापसाची ट्रॉली असते. स्पीड कमी करा आणि डावी पट्टी बघत जा.

घाट चढत असाल तर समोरच्या काचेच्या बाजूचा खांब किती जाड आहे ते बघा. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून तो मजबूत करताय, ते बरोबरच आहे, पण वळणावर त्याच्यामागे अख्खी मोटरसायकल लपते. डोकं जरा पुढे-मागे करून बघायची सवय लावा. आरसे पण नीट लावा, उजव्या आरशासाठी डोकं काचेला टेकवायचं आणि आपल्या गाडीची बाजू जेमतेम दिसेल एवढा आरसा बाहेर वळवायचा, डाव्यासाठी डोकं गाडीच्या मधोमध आणून तसंच.

आणि ट्रकवाल्याने इंडिकेटर दिला म्हणून ओव्हरटेक मारू नका. तो साईड देतोय की स्वतः वळतोय, काही सांगता येत नाही. चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणं पण बंद करा, बाजूच्याला एकच बाजू दिसते आणि त्याला वाटतं तुम्ही वळताय. सरळ जायचं तर काहीच लावायचं नाही.