डी.फार्म.च्या ट्रेनीला शिकवताना या चुका टाळा

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की डी.फार्म.ची (फार्मसी डिप्लोमाची) मुलं 500 तासांच्या ट्रेनिंगसाठी मेडिकलवर येतात. त्यातले किमान 250 तास चिठ्ठीवरची औषधं प्रत्यक्ष देण्यात जायला हवेत. आपण मेडिकलवाले शिकवण्याचे पैसे घेत नाही, हे खरं. पण म्हणून ट्रेनी फुकटचा गडी ठरत नाही.

आलेल्या पोराला माल लावायला बसवतात, तिथूनच बिघडायला सुरुवात होते. रॅक लावणं, एक्स्पायरी वेगळी काढणं आठवडाभर ठीक. नावं डोळ्यांखालून जातात. महिनाभर तेच चाललं तर तो फक्त खोकी ओळखायला शिकतो.

याहून नडणारी सवय म्हणजे चिठ्ठी आपण वाचायची आणि त्याला नुसतं ‘अमुक स्ट्रिप आण’ म्हणायचं. चिठ्ठी आधी त्याच्या हातात द्या. नाव, पॉवर, दिवसातून किती वेळा, किती दिवस हे त्याने वाचावं, औषध काढावं. पेशंटला देण्याआधी तुम्ही ताडून पाहा. गर्दी कितीही असो, हे ताडणं सोडू नका. कायद्यानेही औषध द्यायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच, त्यामुळे त्याच्यावर काउंटर सोपवून जेवायला जाणं बंद.

तो कुठे अडतो, ते यातूनच कळतं. इन्सुलिनचं घ्या. एका मिलीत 40 युनिट असलेल्या वायलला (छोट्या बाटलीला) लाल टोपणाची सिरिंज लागते, 100 युनिटवाल्याला नारिंगी. 40च्या वायलबरोबर 100ची सिरिंज गेली, तर 20च्या खुणेपर्यंत भरूनही पेशंटला 8च युनिट मिळतात. उलट झालं तर 50! नुसतं सांगून हे डोक्यात बसत नाही. दोन्ही सिरिंजमध्ये पाणी भरून त्यालाच हिशेब करायला लावा. मेथोट्रेक्सेटचंही तसंच: संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं. अशी चिठ्ठी आली की ठरलेला वार पेशंटकडून वदवून घ्यायचं काम ट्रेनीला द्या.

ट्रेनी काहीच विचारत नाही? बहुधा गिऱ्हाइकांसमोर कुणीतरी झापलेलं असतं. चुकीची स्ट्रिप उचलली तर ‘पुन्हा वाच’ एवढंच म्हणा, बाकीचं बोलणं गिऱ्हाईक गेल्यावर. संध्याकाळी दवाखाने सुटल्यावर शिकवणं जमत नाही. तेव्हाच्या शंका पेशंटचं नाव न लिहिता वहीत टिपायला सांगा आणि दुसऱ्या दुपारी घेऊन बसा.

तासांची नोंद दर आठवड्याला करा. ओळखीतलं कुणी ‘तास पुरे झाल्याची सही तेवढी द्या’ म्हणत आलं, तर उरलेले तास भरायला पोराला पाठवून द्यायला सांगा.