स्वररज्जूंसाठी पेशीविरहित सांगाडा: पेशी धुताना मऊपणा कसा राखायचा

आवाजाची लहर उठते ती स्वररज्जूच्या आवरणाखालच्या, जेमतेम १ मिलिमीटर जाडीच्या थरात. या लॅमिना प्रोप्रियाचा वरचा भाग हायलुरॉनिक आम्लामुळे सैल आणि मऊ असतो. शस्त्रक्रियेने, श्वासनलिकेतल्या नळीने किंवा भाजल्याने तिथे व्रण धरला की कोलॅजेन दाटते, रज्जू नीट मिटत नाहीत आणि आवाज घोगरा होतो. प्राण्याच्या ऊतीतल्या पेशी काढून उरलेला सांगाडा त्या जागी ठेवला, तर आजूबाजूच्या पेशी त्यात शिरून नवा थर विणतील, ही यामागची कल्पना. खालची पद्धत प्रयोगशाळेसाठी आणि परवानगी घेतलेल्या प्राणी-प्रयोगांसाठीच आहे.

डुकराचे ताजे स्वरयंत्र बर्फात आणा आणि लॅमिना प्रोप्रिया सोलून घ्या. खालचा स्नायू अजिबात राहू देऊ नका. लालसर छटा दिसली तर पुन्हा खरवडा. स्नायूचे धागे राहिले की डिटर्जंट आतपर्यंत पोचत नाही. एका स्वरयंत्रातून ऊती फार थोडी मिळते, म्हणून सुईने टोचून भरण्याचा जेल बनवायचा असेल तर डुकराच्या मूत्राशयाचा आतला पातळ थर बरा. तो हाताने नीट वेगळा केला तर पुढचा डिटर्जंटचा टप्पा लागत नाही. ४ टक्के इथेनॉलमधले ०.१ टक्का पेरॅसेटिक आम्ल, २ तास, आणि मग भरपूर धुणे एवढ्यावर भागते. हे आम्ल डोळ्यांना आणि श्वासाला झोंबते, तेव्हा काम धूरकक्षातच करा.

स्वररज्जूच्या तुकड्यांना मात्र पूर्ण धुलाई लागते. उणे ८० अंशांवर गोठवून ३७ अंशांवर वितळवा, असे दोन-तीनदा करा, पेशी फुटतात. मग १० मिलिमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारे बफर), पीएच ८, त्यात ०.१ टक्का ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारे रसायन) आणि प्रोटीएज रोधक (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारे), या द्रावणात ४ अंशांवर रात्रभर हलवत ठेवा. १ ग्रॅम ऊतीला निदान २० मिलि द्रावण हवे. त्यानंतर ट्रिसमध्ये ०.१ टक्का एसडीएस (हाच तो डिटर्जंट), सामान्य तापमानाला २४ तास.

एसडीएस शीतकपाटात ठेवू नका, ४ अंशांवर त्याचे स्फटिक होतात. पोटॅशियम असलेल्या पीबीएसमध्येही (फॉस्फेटयुक्त खारे बफर) ते पांढरे होऊन खाली बसते. ऊतीत अडकलेला हा साका नंतर धुऊन निघत नाही आणि सांगाड्यात शिरू पाहणाऱ्या पेशींना मारतो. 'अजून थोडे स्वच्छ व्हावे' म्हणून एसडीएसचे प्रमाण किंवा वेळ वाढवण्याचा मोह आवरा. कातडीसारख्या जाड ऊतीसाठी जमणारी तीव्रता इथे हायलुरॉनिक आम्ल आणि इतर ग्लायकोसअमिनोग्लायकन (पाणी धरून ठेवणाऱ्या लांब शर्करा-साखळ्या) वाहून नेते, आणि हातात पेशीविरहित पण ताठर पट्टी राहते. आमच्या मते या कामातली सर्वांत मोठी चूक हीच.

पुढे ईडीटीए नसलेल्या ट्रिसने तीन-चार वेळा धुवा. मग डीएनएज (डीएनए तोडणारे एन्झाइम), ५० युनिट प्रति मिलि, ३७ अंशांवर काही तास, २.५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडसह. ईडीटीए उरले असेल तर ते मॅग्नेशियम पकडून ठेवते, एन्झाइम स्वस्थ बसते आणि ऊती चिकट, शेंबडासारखी राहते. शेवटी दोन-तीन दिवस पाणी बदलत धुणे, पेरॅसेटिक आम्ल, आणि निर्जंतुक पीबीएस.

तपासणीत डीएपीआय (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) आणि एच-अँड-ई (ऊती पाहण्याचे नेहमीचे रंग) यांत पेशींची केंद्रके दिसता कामा नयेत. डीएनए कोरड्या वजनाच्या १ मिग्रॅमागे ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी आणि तुकडे २०० बेसजोड्यांपेक्षा लहान असावेत. अॅल्शियन ब्लू या रंगाने ग्लायकोसअमिनोग्लायकन धुलाईआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा. उरलेले एसडीएस मेथिलीन ब्लूने मोजा. डुकराच्या ऊतीत अल्फा-गॅल ही शर्करा असते, माणसात नसते; तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तात आधीच असतात, म्हणून तीही नोंदवा.

जेलसाठी सांगाडा गोठवून वाळवा आणि बारीक दळा. १ ग्रॅम भुकटी, १०० मिग्रॅ पेप्सिन, ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिलि, ४८ तास ढवळत ठेवा. याहून फार लांबवले तर कोलॅजेनचे तुकडे इतके लहान होतात की जेल धरतच नाही. नंतर बर्फावर ९ मिलि द्रावाला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.९ मिलि, दहापट पीबीएस १ मिलि आणि साधे थंड पीबीएस ४.१ मिलि घाला. मिलिलिटरला ६ मिग्रॅ होते. पीएच ७.४ आहे का पाहा. ३७ अंशांवर अर्ध्या-पाऊण तासात धरले नाही, तर आधी पीएच तपासा. सिरिंज आणि सुई थंडच हवी, नाहीतर ते आतच घट्ट होते.

रिओमीटरवर (मऊ पदार्थाचा घट्टपणा मोजणारे यंत्र) जेलचा घट्टपणा १० ते १००० पास्कलच्या पट्ट्यात यावा. निरोगी लॅमिना प्रोप्रिया साधारण तिथेच असते. टोचताना बारीक सुईने व्रणाच्या वरच्या थरात, थोडा-थोडा भरा. आवरणाच्या अगदी खाली एकाच जागी गोळा झाला, तर तो स्वतःच लहर अडवतो. पट्टी ठेवायची असेल तर छोट्या छेदातून खिसा करा, व्रणाचे पदर सोडवा आणि पट्टी सपाट बसवा. दुमडलेली कड पुढे गाठ बनते. सूज ओसरल्यावर स्ट्रोबोस्कोपीत (लुकलुकत्या प्रकाशात रज्जूंचे कंपन संथ दाखवणारी तपासणी) लहर दिसते का ते पाहा, आणि काढलेल्या स्वरयंत्रात हवा सोडून आवाज सुरू व्हायला किती दाब लागतो तो मोजा.